जत्रेच्या नाटकाचा फलक: ठळक आणि अरुंद अक्षर कसे निवडावे, कसे बसवावे

गोव्यात जत्रा, कालोत्सव, चवथ आणि देवस्थानांचे वर्धापनदिन यांच्या निमित्ताने गावोगावी मराठी नाटके होतात आणि प्रत्येक प्रयोगाच्या आधी काही दिवस तिठ्यावर, बसथांब्यामागे, बाजाराच्या तोंडाशी आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर त्याचे फलक लागतात. या फलकांची अडचण पेडण्यापासून काणकोणापर्यंत एकच आहे. जागा उभी आणि चिंचोळी मिळते आणि मजकूर मात्र लांबलचक असतो. देवस्थानाचे पूर्ण नाव, ‘मूर्ती प्रतिष्ठापना वर्धापनदिन सोहळा’ अशी निमित्ताची ओळ, नाटकाचे नाव, स्थळ, दिनांक आणि वेळ एवढे सगळे दोन किंवा तीन फूट रुंदीत मावले पाहिजे आणि तरीही ते जाता-येता वाचता आले पाहिजे. अशा ठिकाणी जाड, अरुंद आणि टोकांना फराटे नसलेले अक्षर, ज्याला छपाईच्या व्यवसायात बोल्ड कंडेन्स्ड सॅन्स सेरिफ म्हणतात, ते इतर कोणत्याही अक्षरापेक्षा अधिक काम करते. पुढील मार्गदर्शन अशा फलकाचे काम हाती घेणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी आणि डीटीपी करणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आरंभीच ठामपणे सांगतो, कारण बाकीचे सगळे तिच्यावर उभे आहे. अक्षराचा अरुंदपणा हा ते अक्षर रेखाटणाऱ्याने दिलेला असला पाहिजे. साधे अक्षर निवडून, त्याची कड माउसने धरून, ओळ चौकटीत बसेपर्यंत आत ढकलणे म्हणजे अक्षर अरुंद करणे नव्हे.

दाबलेले अक्षर आणि अरुंद रेखाटलेले अक्षर

हा फरक मापाने पाहिला की लगेच पटतो. एखाद्या ठळक फॉन्टमध्ये कान्याची जाडी १२ मिलिमीटर आहे आणि शिरोरेषेची जाडीही १२ मिलिमीटर आहे असे समजा. ते अक्षर रुंदीत ६० टक्क्यांवर दाबले, तर काना ७.२ मिलिमीटरचा होतो आणि शिरोरेषा १२ मिलिमीटरचीच राहते. उभ्या रेषा बारीक होतात, आडव्या जाड राहतात, तिरप्या रेषांची जाडी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकते आणि गोलाई लांबट होऊन तिचे दोन्ही खांदे टोकदार दिसू लागतात. रोमी (म्हणजे इंग्रजीच्या रोमन) अक्षरातही हा दोष दिसतो, परंतु देवनागरीत तो कितीतरी ठळक होतो, कारण शिरोरेषा शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते आणि दाबलेल्या शब्दात ती बारीक खांबांवर ठेवलेल्या जड वाशासारखी दिसते. लांबून पाहणाऱ्याला मग अक्षरे दिसतच नाहीत, फक्त आडवी काळी पट्टी दिसते.

मुळातून अरुंद रेखाटलेल्या अक्षरात कान्याची जाडी राखलेली असते, शिरोरेषा आणि इतर आडव्या रेषा किंचित बारीक केलेल्या असतात, गोल भाग चौकोनाकडे झुकवलेले असतात आणि पोटातली पोकळी जमेल तेवढी उघडी ठेवलेली असते. हे काम एकेका अक्षरावर बसून करावे लागते.

छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या (ओतीव सुट्या अक्षरांच्या) काळात हा मोह होऊच शकत नव्हता, कारण खिळा दाबता येत नसे. अरुंद अक्षर हवे असेल तर ते वेगळे रेखाटून, वेगळे ओतून घ्यावे लागे. अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन याने १९०३ मध्ये अमेरिकन टाईप फाउंडर्स या कंपनीसाठी केलेला ऑल्टरनेट गॉथिक हा टाईप तीन निरनिराळ्या रुंदींत निघाला होता आणि त्या तिन्ही रुंदी स्वतंत्रपणे रेखाटलेल्या होत्या, जेणेकरून मथळा लिहिणाऱ्याला जागेप्रमाणे त्यांतली एक निवडता यावी. आज सर्वत्र वापरला जाणारा लीग गॉथिक हा फॉन्ट त्याच टाईपवरून केलेला आहे. जेफ्री ली याचा १९६५ चा इम्पॅक्ट हाही धातूच्या खिळ्यांसाठीच रेखाटला गेला आणि नंतर विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. अक्षर ओढून दाबण्याची सोय पुढे फोटोटाईपसेटिंगने (प्रकाशचित्राने अक्षर उमटवण्याच्या पद्धतीने) आणि संगणकाने दिली, आणि आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक कुरूप फलकांचे मूळ त्या सोयीत आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

फॉन्ट निवडताना

पहिली चाळणी अगदी साधी आहे. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी आहे का, हे आधी पाहावे. अँटन, बेबास न्यू आणि ऑस्वाल्ड हे तिन्ही फॉन्ट सुंदर आहेत आणि फलकांवर सर्रास दिसतात, परंतु त्यांच्यात देवनागरी अक्षरे नाहीत. मोबाईलवरच्या ॲपमध्ये मराठी मजकुराला यांपैकी एखादा लावला, तर ॲप गुपचूप आपल्याकडचा कोणतातरी देवनागरी फॉन्ट घालते, आणि इंग्रजी ओळ ठळक व अरुंद, तर मराठी ओळ बारीक व पसरट, असा बेबनाव तयार होतो.

देवनागरीसह मिळणारे आणि फलकाला उपयोगी पडणारे काही फॉन्ट खात्रीने सांगता येतात. अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीचे ‘टेको’ आणि ‘खंड’ हे दोन्ही मथळ्यांसाठीच केलेले आहेत आणि दोघांतही लाईटपासून बोल्डपर्यंत पाच जाडी मिळतात. टेको चौकोनी बांध्याचा आहे. त्याच्या निर्मात्यांनीच बोल्ड हे वजन (म्हणजे जाडी) एक-दोन शब्दांसाठी आणि रेग्युलर ते सेमीबोल्ड ही वजने लांब मथळ्यांसाठी सुचवलेली आहेत आणि ही सूचना तंतोतंत पाळण्यासारखी आहे. खंडची पोकळी अधिक उघडी असल्यामुळे लहान मापात तो टेकोपेक्षा सुखाने वाचता येतो. मुंबईच्या ‘एक टाईप’ या गटाचा ‘अनेक देवनागरी’ हा बदलत्या रुंदीचा फॉन्ट असून त्यात रुंदी (साधी रुंदी १०० धरून) ७५ पासून १२५ पर्यंत आणि जाडी १०० पासून ८०० पर्यंत हवी तशी ठेवता येते. फलकासाठी त्याची ७५ ही रुंदी आणि ७०० किंवा ८०० ही जाडी घ्यावी. नोटो सान्स देवनागरीची रुंदी त्याहूनही खाली, ६२.५ पर्यंत जाते आणि जाडी ९०० पर्यंत चढते, पण त्याचा स्वभाव मथळ्याचा नाही. तो नीटस आहे, भारदस्त नाही, म्हणून स्थळ-वेळेच्या ओळींना तो शोभतो. प्रगती नॅरो दोनच वजनांत मिळतो आणि तोही दुय्यम मजकुरालाच बरा. हे सगळे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्यामुळे देवस्थान समितीला किंवा छापखान्याला त्यांच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत आणि व्यावसायिक कामातही ते वापरता येतात.

नावावरून किंवा सूचीतल्या नमुन्यावरून फॉन्ट निवडू नये. आपल्याच तालुक्यांतली आणि गावांतली नावे लिहून पाहिली, की फॉन्टची खरी परीक्षा होते, आणि सुदैवाने गोव्याची गावनावे या कामासाठी फार चांगली आहेत. मी सर्वांत आधी ‘धारबांदोडा’ लिहितो. या एका शब्दात ध आहे, ब आहे, आणि द व ड शेजारी-शेजारी आहेत. जाड आणि अरुंद अक्षरात ब च्या पोटातली तिरपी रेघ पोकळीसकट बुजते आणि लांबून तो भरलेल्या व सारखा दिसतो. ध ची वरची गाठ बुजली की त्याचा घ होतो. चौकोनी बांध्याच्या फॉन्टमध्ये द ची शेपटी आखडलेली असेल, तर द आणि ड यांत डोळा अडखळतो. नंतर ‘भोम’ लिहावे, म्हणजे भ आणि म यांतला फरक गाठीवर आणि तुटलेल्या शिरोरेषेवर टिकतो की नाही ते कळते. हे शब्द पडद्यावर मोठे करून पाहण्यात अर्थ नाही. अर्ध्या इंचाच्या उंचीने छापून, भिंतीवर लावून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहावेत.

जोडाक्षरांसाठी ‘कुठ्ठाळी’ आणि ‘कुंकळ्ळी’ ही दोन नावे पुरेशी आहेत. ठ्ठ हे जोडाक्षर काही फॉन्ट एकाखाली एक असे रचतात आणि काही पहिल्या ठ चा पाय मोडून शेजारी-शेजारी ठेवतात. अरुंद अक्षरात खाली रचलेला ठ फार लहान आणि ठोकळ्यासारखा होत असेल, तर पाय मोडलेले रूप बरे, असे माझे मत आहे, कारण परक्या तालुक्यातून येणाऱ्या माणसाला गावाचे नाव वाचता येणे हे रचनेच्या शुद्धतेपेक्षा महत्त्वाचे आहे. कुंकळ्ळीतल्या ळ्ळ मध्ये पाहायचे ते हे की, दोन ळ मिळून शब्दाच्या मध्यभागी काळा डाग तयार होतो का. फातर्पे, सावर्डे आणि पर्वरी ही नावे रफार दाखवतात. रफार शिरोरेषेला चिकटून वेलांटीत मिसळत असेल, तर तो फॉन्ट मथळ्याला घेऊ नये.

‘शिवोली’ आणि ‘लोलये’ लिहून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट कळते. हिंदी वळणाचे ल आणि श मराठी डोळ्याला परके वाटतात, आणि बरेच फॉन्ट आधी तीच रूपे दाखवतात. काही फॉन्टांत मराठी रूपे आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी ठरवून दिली की ती आपोआप येतात. इनडिझाईनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही भाषा निवडता येते. काहींत मात्र पर्यायी अक्षरांच्या तक्त्यातून एकेक रूप हाताने घालावे लागते. देवस्थानाच्या नावात श्री, शांतादुर्गा, लईराई, म्हाळसा असे शब्द असताना हा त्रास घेणे योग्यच आहे.

राहिली ती फलकावर हटकून येणारी काही रूपे. ‘दुसऱ्या दिवशी’ मधला ऱ्या, ‘ऑगस्ट’ आणि ‘ऑक्टोबर’ मधला ऑ, आणि प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधीचा ‘ॲड.’ ही तीन रूपे तपासावीत. जुन्या फॉन्टमध्ये ॲ च्या जागी रिकामा चौकोन येतो आणि तो पुष्कळदा छापून आल्यावरच लक्षात येतो.

उंची, अंतर आणि शब्दसंख्या

अरुंद अक्षर का घ्यायचे, याचे उत्तर रुंदी वाचवणे हे नसून उंची मिळवणे हे आहे. ‘अनेक देवनागरी’ची रुंदी १०० वरून ७५ वर आणली, की त्याच ओळीत अक्षर सुमारे एक तृतीयांशाने मोठे करता येते, म्हणजे ९ इंचांच्या जागी १२ इंचांचे अक्षर बसते. फलक रंगवणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो की अक्षराच्या दर एक इंच उंचीला सुमारे १० फुटांवरून ते आरामात वाचता येते. त्या हिशेबाने ९ इंचांचे अक्षर ९० फुटांवरून आणि १२ इंचांचे १२० फुटांवरून वाचता येईल. अरुंद अक्षराची पोकळी कमी असल्यामुळे हा सगळा लाभ पदरात पडत नाही, म्हणून हिशेबात काही इंच जास्तच धरावेत. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. वरच्या मात्रा आणि खालचे उकार त्यात धरू नयेत, नाहीतर अक्षर कागदावर मोठे आणि रस्त्यावर लहान असे होते.

आता रस्त्याचा हिशेब करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. वाचायला चार सेकंद मिळावेत असे वाटत असेल, तर अक्षर ५५ मीटरवरून, म्हणजे सुमारे १८० फुटांवरून दिसले पाहिजे, आणि त्यासाठी १८ इंच उंची लागेल. तीन फूट रुंद फलकावर १८ इंचांची अक्षरे किती मावतील ते सांगायला नको. याचा अर्थ असा की महामार्गाच्या कडेला लहान फलक लावून उपयोग नाही. तो जिथे वाहने थांबतात किंवा मंदावतात तिथे, म्हणजे तिठ्यावर, गतिरोधकाजवळ किंवा बसथांब्यावर लावावा. चोडणच्या फेरीसाठी रायबंदरच्या धक्क्यावर थांबलेला माणूस २० फुटांवरून फलक पाहतो आणि त्याच्यापाशी वेळही असतो. तिथे दोन-अडीच इंचांच्या अक्षरातही संपूर्ण मजकूर वाचला जातो. एकच फलक सगळीकडे लावण्याऐवजी दोन प्रकार करावेत. रस्त्यासाठी नाटकाचे नाव, गाव आणि तारीख एवढेच असलेला, आणि धक्क्यासाठी किंवा बाजारासाठी सविस्तर. खर्च फारसा वाढत नाही, कारण फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो.

सगळाच मजकूर ठळक अरुंद अक्षरात लावू नये. हे अक्षर नाटकाच्या नावासाठी आणि फार तर तारखेसाठी आहे. कलाकारांची नावे, देणगीदार आणि समितीचे पदाधिकारी यांच्यासाठी मुक्ता किंवा नोटो सान्स यांसारखा साध्या रुंदीचा फॉन्ट घ्यावा. सगळेच जाड असले की कशावरच नजर ठरत नाही. पदाधिकाऱ्यांना आपली नावे ठळक हवी असतात हे मी जाणतो, परंतु त्यांना छापून आणलेला नमुना दाखवला की बहुतेक जण समजून घेतात.

ओळ बसवणे

देवनागरीत अक्षरांमधले अंतर शून्यच ठेवावे. रोमी मोठ्या अक्षरांत थोडे अंतर वाढवले तर मथळा मोकळा दिसतो, पण आपल्याकडे तेच केले की शिरोरेषा प्रत्येक अक्षराशी तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळ दोन्ही कडांना भिडवणारा फुल जस्टिफायचा पर्याय हाच घोटाळा न सांगता करतो, त्यामुळे मथळ्यात तो कधीही वापरू नये. ओळी समान रुंदीच्या हव्या असतील तर प्रत्येक ओळीचे माप वेगळे ठेवावे किंवा बदलत्या रुंदीच्या फॉन्टमध्ये त्या ओळीची रुंदी थोडी कमी-जास्त करावी. ‘अनेक देवनागरी’ हाती असेल तर एक ओळ ७५ वर आणि दुसरी ८२ वर ठेवली, तरी दोन्हींची कान्याची जाडी जवळपास सारखी राहते. दाबण्याची गरजच उरत नाही.

दोन ओळींमधले अंतर हा देवनागरी मथळ्याचा सर्वांत नाजूक भाग आहे. रोमी मथळे एकमेकांना खेटून रचलेले असतात आणि त्यांची नक्कल करताना वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची एक धरली, तर एका ओळीच्या पायापासून पुढच्या ओळीच्या पायापर्यंत मी सहसा पावणेदोनपट अंतर ठेवतो. जागा फारच कमी असेल तर ओळी कुठे तोडायच्या ते बदलून पाहावे. वरच्या ओळीत जिथे ‘गुरू’ किंवा ‘प्रभू’ यांसारखा शब्द आहे, त्याच्या नेमके खाली ‘कीर्ती’ सारखा वेलांटी आणि रफार असलेला शब्द येऊ देऊ नये. एखादा शब्द वर-खाली सरकवला की कित्येकदा ओळी दीडपटीवरही सुखाने बसतात. फलकाच्या वरच्या कडेला हीच काळजी घ्यावी. ‘श्री’ ची वेलांटी फ्लेक्सच्या दुमडपट्टीत आणि रिंगांच्या भोकांत गेलेली पुष्कळ ठिकाणी दिसते, म्हणून वर किमान तीन इंच मोकळे सोडावेत.

ठळक फाईल संगणकात नसताना ‘बी’चे बटण दाबले, तर सॉफ्टवेअर अक्षराभोवती रेघ ओढून ते फुगवते. त्याने पोकळी बुजते. बोल्डची स्वतंत्र फाईल बसवावी.

दोन लिप्या एका फलकावर

गोव्यात एकाच फलकावर देवनागरी आणि रोमी या दोन्ही लिप्या येणे नित्याचे आहे, आणि ही सोबत जुनी आहे. देवनागरी खिळे हाताशी नसल्यामुळे १६१६ मध्ये रायतूर येथे मराठी काव्य रोमी अक्षरांत छापले गेले होते. आज अडचण तांत्रिक नाही, तर नजरेची आहे. एकाच फॉन्टमधल्या दोन्ही लिप्या एकाच मापाला सारख्या मोठ्या दिसतीलच असे नाही. रोमी मोठ्या अक्षरांची उंची देवनागरीच्या शिरोरेषेपर्यंतच्या उंचीइतकी किंवा तिच्याहून किंचित कमी ठेवावी. संपूर्ण मोठ्या अक्षरांतला रोमी शब्द देवनागरीपेक्षा अधिक आक्रमक दिसतो, त्यामुळे त्याला एक पायरी कमी जाडी द्यावी. म्हणजे देवनागरी बोल्ड असेल तर रोमी सेमीबोल्ड. नाटक मराठी असेल तर मराठी नावच मोठे असावे आणि रोमी नाव त्याच्या खाली, त्याच्या निम्म्या उंचीचे असावे.

रंग आणि बाह्यरेषा

गडद पार्श्वभूमीवरचे पांढरे किंवा पिवळे अक्षर आहे त्याहून जाड दिसते आणि त्याची पोकळी आकसल्यासारखी वाटते. आतून दिवे लावलेल्या पेटीवर हा परिणाम आणखी वाढतो. अशा ठिकाणी बोल्डऐवजी सेमीबोल्ड घ्यावे. फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षर असेल तर बोल्डच ठेवावे. अक्षराभोवती जाड बाह्यरेषा, तिच्याभोवती दुसरी बाह्यरेषा आणि खाली सावली, हा प्रकार आपल्याकडे फार रुळलेला आहे. अरुंद अक्षराला तो सोसत नाही, कारण दोन अक्षरांमधली जागाच मुळात कमी असते. फोटोवर नाव लिहायचे म्हणून बाह्यरेषा अटळ असेल, तर ती अक्षराच्या मागे जाईल असा पर्याय निवडावा, म्हणजे अक्षर आतून खाल्ले जात नाही.

छपाईला देताना

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व फॉन्टांना चालणाऱ्या सर्वमान्य संकेतांत, टंकलिखित केलेला असावा. कित्येक छापखान्यांत अजूनही श्री-लिपीसारख्या पद्धतीच्या जुन्या फॉन्टमध्ये काम चालते आणि त्या मजकुराला टेको किंवा खंड लावला तर निरर्थक रोमी अक्षरे दिसतात. मजकूर रूपांतरित करून घेता येतो, पण रूपांतरानंतर रफार, ऱ्या आणि अर्धी अक्षरे डोळ्यांत तेल घालून तपासावीत. फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसत असेल किंवा जोडाक्षरे सुटी दिसत असतील, तर टाईपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करावे.

रचना पक्की झाल्यावर फाईलच्या प्रतीमध्ये मजकूर कर्व्ह करून (अक्षरांचे नुसत्या आकृतींत रूपांतर करून) द्यावा, म्हणजे छापणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही. कोरल या सॉफ्टवेअरमध्ये हे कंट्रोल आणि क्यू दाबून होते. इथे देवनागरीची एक खास गोष्ट लक्षात ठेवावी लागते. बहुतेक फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. फ्लेक्सवर ते दिसत नाही. परंतु तेच अक्षर व्हिनाईल किंवा रेडियमवर कापायचे असेल, तर कटिंगचे यंत्र प्रत्येक सांध्यावर पाते फिरवते आणि शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. अक्षराला बाह्यरेषा किंवा पारदर्शक रंग दिला तरी हे सांधे उभ्या रेघांसारखे उमटतात. यावर उपाय म्हणजे कर्व्ह केल्यानंतर संपूर्ण शब्द निवडून वेल्ड करावा (सांधे मिटवून एकच आकृती करावी) आणि मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे फक्त रेषा दाखवणाऱ्या दृश्यात, पाहून शब्दाची बाहेरची रेषा सलग आहे, आतल्या पोकळ्या मात्र शाबूत आहेत, याची खात्री करावी. बस किंवा टेम्पोवर नाव चिकटवण्याच्या कामात ही पायरी वगळली तर संपूर्ण पत्रा वाया जातो.

फ्लेक्सची फाईल प्रत्यक्ष मापाला ७२ ते १०० डीपीआय (दर इंचाला तेवढे ठिपके) असली तरी पुरते, कारण ती हातात धरून पाहायची नसते. फाईल द्यायच्या आधी मथळ्याचा एकच शब्द प्रत्यक्ष उंचीने साध्या कागदांवर तुकड्यांत छापून, ते जोडून, मंडपाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर लावावा आणि ज्या अंतरावरून तो वाचला जावा अशी अपेक्षा आहे तिथे उभे राहून पाहावा. मजकूर ठाऊक नसलेल्या कोणालातरी, शक्यतो वयस्क माणसाला, वाचायला सांगावे. ज्याने रचना केली त्याला प्रत्येक शब्द ठाऊक असतो आणि म्हणून त्याला तो नेहमीच वाचता येतो. तो शब्द संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा एकदा पाहावा, कारण जत्रेचे फलक बरेच लोक काळोख पडल्यावर, हेडलाईटच्या उजेडात वाचतात.

कर्व्ह केलेली फाईल छापणाऱ्याला द्यावी आणि मजकूर बदलता येईल अशी मूळ फाईल, वापरलेल्या फॉन्टच्या फाईली आणि त्यांचे परवानापत्र एका फोल्डरमध्ये समितीकडे ठेवावे. दरवर्षी नाटक बदलते आणि तारीख बदलते, पण देवस्थानाचे नाव, स्थळाची ओळ आणि फलकाचे माप तेच राहते, आणि मूळ फाईल नसली की पुढच्या वर्षीचा डीटीपीवाला कर्व्ह केलेल्या जुन्या अक्षरांनाच ओढून नवी तारीख बसवतो.